लघवीतलं प्रोटीन आणि एसीआरचा आकडा: पार्श्वभूमी

निपाणी, चिकोडी, खानापूरकडं कुणाच्या लघवीत फेस यायलाय म्हटलं की घरचे लगेच 'प्रोटीन जातंय' म्हणतात, आणि लॅबचा रिपोर्ट हातात आला की त्यात प्रोटीन नसतंच, एसीआर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) भागिले क्रिएटिनिन (स्नायूंतनं येणारा, लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ). बाकीची प्रोटीनं कुठं गेली?

फेस आणि किडनीचा संबंध ग्रीक वैद्यांनीच लिहून ठेवलेला. 1827 मध्ये लंडनच्या एका डॉक्टरनं अंगावर सूज असलेल्या पेशंटांची गोठणारी लघवी आणि मेल्यावर सापडलेली खराब किडनी यांची सांगड घातली, तपासणी म्हणजे चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवणं. पुढं 1840 च्या दशकात एका पेशंटच्या लघवीत वेगळंच प्रोटीन सापडलं, तापवलं की गोठायचं आणि उकळलं की परत विरघळायचं. ते मायलोमाचं होतं, म्हणजे हाडांच्या मगजातल्या कॅन्सरचं, आणि ते अल्ब्युमिन नव्हतं.

1957 च्या सुमारास बुडवायची पट्टी आली. सोय झाली खरी, पण पट्टीवरचा रंग मुख्यतः अल्ब्युमिननंच बदलतो, मायलोमावाल्या प्रोटीननं जवळजवळ नाहीच. शिवाय थोडं अल्ब्युमिन तिला कळत नाही. ते थोडंसंच महत्त्वाचं हे 1982-84 मध्ये शुगरच्या पेशंटांत दिसलं, दिवसाला 30 ते 300 मिलिग्रॅम जाणाऱ्यांची किडनी पुढं बिघडायची, हार्टचा धोका पण वाढायचा.

आता वादाचा भाग. पूर्वी 24 तासांची लघवी कॅनमध्ये साठवून न्यायची, सकाळची पहिली टाकून द्यायची मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी, आणि खानापूरच्या आतल्या गावातनं तो कॅन घेऊन एसटीत बसायचं, मधे एखादी वेळ चुकली की हिशोबच चुकला. 1983 मध्ये दाखवलं गेलं की एकदाच्या नमुन्यात प्रोटीनला क्रिएटिनिननं भागलं तरी दिवसाचा अंदाज येतो, कारण मोठ्या माणसाच्या लघवीतनं दिवसाला साधारण 1 ग्रॅम क्रिएटिनिन जातं. साधारण म्हणजे काय पण? क्रिएटिनिन स्नायूंतनं येतं. तालमीतल्या पैलवानाचं 2 ग्रॅम जात असेल आणि विड्या वळणाऱ्या वाळक्या आजीचं 0.6, तर दोघांचं अल्ब्युमिन दिवसाला 40 मिलिग्रॅमच असलं तरी पैलवानाचा एसीआर 20 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम येतो, म्हणजे 30 च्या मर्यादेखाली, नॉर्मल, आणि आजीचा 67, आजारी. म्हणून काही देशांत पुरुष-बायकांची मर्यादा वेगळी ठेवायचे, 2.5 आणि 3.5 मिलिग्रॅम प्रति मिलिमोल. 2012 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सगळ्यांना एकच 3 केली, म्हणजे साधारण 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, आणि एकूण प्रोटीनपेक्षा अल्ब्युमिनला पसंती दिली. कारण पटण्यासारखं होतं, अल्ब्युमिन एकच ठरलेला रेणू आहे, मोजमाप लॅबोलॅब जुळवता येतं, एकूण प्रोटीनचं तसं नाही. पण वय-स्नायूंचा प्रश्न तसाच राहिला आणि डॉक्टर लोक त्यावर अजून भांडतात, माझ्या मते भांडण योग्यच आहे.

दुसरी अडचण किडनीतल्या बारीक नळ्यांची. किडनीची चाळण शाबूत आणि नळ्या बिघडल्या तर बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनसारखी बारकी प्रोटीनं जातात, अल्ब्युमिन फारसं नाही, मग एसीआर बघून सगळं ठीक वाटतं.

मधल्या काळात मास स्पेक्ट्रोमेट्रीनं, म्हणजे रेणूंच्या वजनावरनं ते ओळखायच्या तंत्रानं, बरंच पुढं नेलं. 2006 मध्ये निरोगी माणसांच्या लघवीत 1500 वर प्रोटीनं ओळखली गेली, 2010 मध्ये 273 पेप्टाइडांच्या (प्रोटीनच्या तुकड्यांच्या) ठेवणीवरनं किडनीचा आजार ओळखायची पद्धत आली. ती रोजच्या तपासणीत काही आलेली नाही, महाग पडते. त्यामुळं साठीच्या माणसाला कंबरदुखी, रक्त कमी, क्रिएटिनिन वाढलेलं आणि पट्टी मात्र निगेटिव्ह असं असलं तर मायलोमाची शंका येते आणि एसीआरवर भागत नाही, लघवीचं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे प्रोटीनं वेगवेगळी करून बघायची तपासणी, वेगळं लिहून घ्यावं लागतं.