निसर्गग्रंथ : ख्रिस्ती श्रद्धा, सृष्टिसौंदर्य आणि विज्ञान (नाशिक परिसर)

देवाने माणसाला दोन ग्रंथ दिले, एक पवित्र शास्त्र आणि दुसरी सृष्टी. दोन्हींचा कर्ता एकच, तेव्हा ते नीट वाचले तर एकमेकांना खोटे पाडणार नाहीत, अशी ही ख्रिस्ती धर्मविचारातील जुनी धारणा. ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ या बायबलमधील १९व्या स्तोत्रात तिचे मूळ सापडते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात देवाने सृष्टी सहा दिवसांत घडवली असे आहे; ते दिवस सूर्योदय-सूर्यास्ताचे नेहमीचे दिवस असलेच पाहिजेत, असा आग्रह संत ऑगस्टीननेही धरला नव्हता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या आपल्या मताच्या बचावासाठी गॅलिलिओने १६१५ मध्ये हीच धारणा पुढे केली. १६३३ मध्ये त्याला शिक्षा व्हायची ती झालीच, आणि चर्चकडून आपल्या चुकीची जाहीर कबुली यायला १९९२ साल उजाडले. उलट, वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वाची मांडणी १९२७ मध्ये करणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू. आपले गणित उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पुरावा म्हणून कुणी मिरवावे, हे मात्र लमेत्रला पसंत नव्हते.

नाशिकमध्ये धर्म आणि विज्ञानातल्या या वादाची धग फारशी पोहोचली नाही. इथे निसर्गग्रंथ उघडला तो शाळेत, कवितेत आणि शेताच्या बांधावर.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील अँग्लिकन मिशनरी संस्थेचे काम नाशिकला १८३२ मध्ये सुरू झाले. पुढे तिथेच शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. समुद्रावर पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी-डॉक्टर-संशोधकाने आपल्या आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी इथूनच तरुण निवडले. शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट मागाहून त्या मोहिमेत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचे हृदय आफ्रिकेत पुरताना प्रार्थना वाचली ती याच जेकबने, आणि पुढे लंडनपर्यंत शवपेटीसोबत गेला तोही हाच. भूगोलाच्या पुस्तकांत लिव्हिंगस्टन ठळक छापला जातो. शरणपूरचे नाव क्वचितच.

सृष्टिसौंदर्याची बाजू मराठीत खऱ्या अर्थाने फुलवली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). त्यांचे शिक्षण नाशिकचे आणि सासुरवाडीही इथलीच; पत्नी लक्ष्मीबाई गोदाकाठच्या जलालपूरच्या. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रानफुले कातत नाहीत, विणत नाहीत, तरी राजापेक्षा देखणी असतात. आकाशातली पाखरे पेरत नाहीत, तरी उपाशी राहत नाहीत, हे सांगणारा भाग त्याच प्रवचनातला आहे. फुलामुलांचा कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला तो परका वाटला असेल, असे म्हणवत नाही. टिळकांच्या कवितेतले फूल उपदेशासाठी आणून ठेवलेले नसते, आधी ते फूल असते. त्यांच्या घरी काही काळ राहिलेल्या बालकवींनी पुढे मराठी निसर्गकवितेला केवढी उंची दिली, हे वेगळे सांगायला नको.

विज्ञानाशी खरा सामना नाशिकला दगडात होतो. हा सारा मुलूख बेसॉल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या खनिजयुक्त पाण्याने त्यांत स्फटिक वाढवले. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतील असे नमुने जगभरच्या संग्रहांत गेले आहेत. काळा, ओबडधोबड धोंडा फुटतो आणि आत फिकट गुलाबी, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा स्टिल्बाइट दिसतो, शेजारी काचेसारखा हिरवट अपोफिलाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे तासन्‌तास बघत बसावे. सहा दिवस अक्षरशः मानणाऱ्यांची इथे अडचण होते, आणि तसे मानणाऱ्या मंडळ्या आजही आहेत. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरांत पृथ्वीचे वय हा श्रद्धेचा प्रश्न समजला जात नाही.

अलीकडे भर सौंदर्यावरून जबाबदारीकडे सरकला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वी हे सर्वांचे सामायिक घर असल्याचे मांडले. त्याच्या कितीतरी आधी, नाशिकच्या कॅथलिक धर्मप्रांतात मोडणाऱ्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जेझुइट या कॅथलिक संघाचे स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर पाणलोटाच्या कामाला लागले होते. माथ्यापासून पायथ्याकडे समतल चर, बांधबंदिस्ती, आणि गावाने एकमताने पाळायची चराईबंदी व कुऱ्हाडबंदी, असा हा कार्यक्रम. यात जलविज्ञान आहे, श्रमदान आहे. धर्मोपदेश शोधूनही सापडत नाही. गावकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की मार्च-एप्रिलात विहिरीला पाणी टिकते का.