'हे गाणं तुमच्या देशात उपलब्ध नाही'

फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस स्पॉटिफाय हे इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं ॲप भारतात आलं, तेव्हा युरोपात ते सुरू होऊन दहा वर्षं उलटली होती. तोवर इथले हौशी लोक व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवून, परदेशी खातं चालवत. फुकटचं खातं परक्या देशात चौदाच दिवस चालायचं, मग पुन्हा घरबसल्या लंडनची फेरी.

अडसर तंत्राचा नव्हता, करारांचा होता. ध्वनिमुद्रणाचे हक्क देशवार वाटायची चाल तबकड्यांच्या काळातली. तबकडीवरच्या बोधचिन्हातला, कर्ण्यासमोर बसलेला तो कुत्रासुद्धा वाटून घेतलेला: ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे एचएमव्हीचा, अमेरिकेत आरसीए व्हिक्टरचा, जपानात जेव्हीसीचा. माल बोटीनं जायचा तोवर हे निभावलं. इंटरनेटवर तीच वाटणी आयपी पत्ता बघून, म्हणजे ऐकणारा कुठल्या देशातून जोडला गेलाय ते ओळखून, राबवावी लागली. अमेरिकेतल्या पँडोरा या इंटरनेट रेडिओनं २००७ मध्ये बाहेरच्या बहुतेक देशांना दार लावलं, ते परवाना अमेरिकेपुरताच असल्यामुळे.

भारतातलं मैदान तोवर रिकामं नव्हतंच. सावन होतं, टाइम्स समूहाचं गाना होतं, एअरटेलचं विंक होतं, २०१५ पासून ॲपल म्युझिकही. पुण्यात कार्यालय असलेलं 'धिंगाणा' मात्र २०१४ मध्ये आटोपलं. टी-सीरिजनं परवाना पुढे चालू ठेवला नाही आणि हिंदी गाण्यांचा मोठा साठा एका फटक्यात गेला. एवढं झणझणीत मराठी नाव, पण गाणी दुसऱ्याच्या मालकीची!

स्पॉटिफायच्या आगमनालाच कोर्टाची पायरी होती. एका गाण्यात दोन हक्क असतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि दुसरा शब्द व चालीचा. दुसऱ्या प्रकारचे हक्क सांभाळणारी वॉर्नर चॅपेल ही कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. स्पॉटिफायनं आधार घेतला होता कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड चा. २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं हे कलम प्रसारकाला मालकाच्या संमतीवाचून, ठरलेल्या दरानं रॉयल्टी भरून गाणी वाजवू देतं. पण 'प्रसारक' म्हणजे रेडिओ आणि टीव्हीच, की इंटरनेटही? एप्रिल २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक या वेगळ्या खटल्यात सांगितलं, इंटरनेट यात बसत नाही. माझ्या मते आजची सगळी विस्कळीत अवस्था या निकालाशिवाय समजत नाही. मालकाच्या संमतीवाचून गाणी वाजवायची वाट बंद झाली, म्हणजे प्रत्येक ॲपला प्रत्येक कंपनीच्या दारात जाऊन घासाघीस करणं आलं.

त्याच महिन्यात सारेगामाची गाणीही स्पॉटिफायवरून निघाली. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. आपल्या भावगीतांचा केवढा तरी ठेवा तिच्याकडे. ११९ रुपये महिना भरून ज्यांनी नवं ॲप घेतलं, त्यांना आजीची गाणी ऐकायला दुसरीकडे जावं लागलं. वॉर्नरशी समेट जानेवारी २०२० मध्ये झाला, सारेगामाशी त्याच वर्षी मेमध्ये.

म्हणून ॲप निवडताना आवाजाच्या दर्जाआधी लोक विचारतात, 'त्यावर अमुक आहे का?' तेही उत्तर टिकेल याची हमी नाही. मार्च २०२४ मध्ये बोलणी फिसकटली आणि झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली, त्यांत मराठी चित्रपटांचीही होती. त्याच वर्षी एअरटेलनं विंक गुंडाळायचं ठरवलं, आणि तिथे वर्षानुवर्षं याद्या रचलेल्यांना त्या दुसऱ्या ॲपवर नव्यानं मांडाव्या लागल्या.