स्वीपर वेगळा, लिबेरो वेगळा: बेकेनबाउर नेमका कोण होता?

जर्मन फुटबॉलपटू फ्रान्झ बेकेनबाउरविषयी लिहायचे झाले की तीन वाक्ये ठरलेली असतात: तो स्वीपर (बचावफळीच्या मागे एकटा राहणारा बचावपटू) होता, स्वीपरलाच लिबेरो म्हणतात, आणि ही जागा त्यानेच शोधून काढली. यातले पहिले वाक्य अर्धवट खरे आहे, दुसरे शब्दकोशापुरते खरे आहे आणि तिसरे साफ चूक आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे निधन झाले, त्यानंतर ही तिन्ही वाक्ये इतक्या ठिकाणी वाचनात आली की हा गुंता एकदा शांतपणे बसून सोडवावा असे वाटले.

स्टॉपर कोणाला म्हणतात, हे मैदानावर थोडाफार वेळ घालवलेल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य आक्रमकाला चिकटून राहणारा, हवेतला चेंडू डोक्याने परतवणारा आणि वेळ आली की चेंडू सरळ मैदानाबाहेर धाडणारा तो स्टॉपर. बेकेनबाउर स्टॉपर नव्हता, आणि सार्वकालिक सर्वोत्तम संघांच्या तक्त्यांमध्ये त्याला आजच्या चौघांच्या बचावफळीत ‘सेंटर बॅक’ म्हणून बसवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. व्हॉलीबॉलमधल्या लिबेरोचाही येथे संबंध नाही. वेगळ्या रंगाचा शर्ट घालणाऱ्या त्या खेळाडूला ब्लॉक करण्याची आणि जाळीच्या वरून चेंडू मारण्याची मनाई असते, म्हणजे तो केवळ बचावासाठीच असतो. फुटबॉलमधला लिबेरो समजून घ्यायचा असेल तर ती प्रतिमा आधी डोक्यातून काढून टाकावी, हे बरे.

खरी गफलत स्वीपर आणि लिबेरो यांच्यात होते, आणि ती होण्याला कारणही आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना या दोघांचे छायाचित्र काढले तर कोण कोणता, हे कोणालाही ओळखता येणार नाही. दोघेही बचावफळीच्या मागे, गोलरक्षकाच्या पुढे, एकटे उभे असतात. दोघांवरही विशिष्ट आक्रमकाची जबाबदारी नसते. पुढचा सहकारी चकला की चेंडू उचलायला दोघेही धावतात. छायाचित्र पाहून व्याख्या करणाऱ्यांना म्हणूनच दोन्ही शब्द एकच वाटतात. फरक दिसतो तो चेंडू हिसकावून घेतल्यानंतरच्या पुढच्या दहा सेकंदांत.

त्यासाठी त्या काळचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. १९६० आणि ७० च्या दशकांत, विशेषतः जर्मनीत आणि इटलीत, बचाव म्हणजे माणसाला माणूस धरणे. प्रत्येक बचावपटूला सामन्याआधीच आपला माणूस नेमून दिलेला असे आणि तो माणूस पाणी प्यायला गेला तरी त्याच्या मागे जायचे, असा एकूण खाक्या होता. अशा व्यवस्थेत एखादा बचावपटू चकला तर त्याच्या मागे कोणीच उरत नाही. म्हणून एका खेळाडूला माणूस धरण्याच्या कामातून मोकळे करायचे आणि सर्वांच्या मागे ठेवायचे, ही युक्ती निघाली. इटालियन भाषेत लिबेरो म्हणजे मोकळा, आणि या शब्दातला मोकळेपणा मुळात एवढाच आहे: त्याच्या अंगावर कोणाला धरण्याची जबाबदारी नाही. मनाला येईल तसे भटकण्याची मुभा, हा अर्थ त्यात नंतर शिरला.

परंतु अकराच्या संघात मागे एक माणूस जादा ठेवला की पुढे एक माणूस कमी पडतो. हे कर्ज आहे. स्वीपर ठेवणारा संघ ते कर्ज मान्य करून खेळतो. पुढे आपण एकाने कमी आहोत, तेव्हा गोल थोडे होतील, पण गोल खाणेही थोडे होईल, असा तो सौदा असतो. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल राप्पान या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने हा सौदा प्रथम पद्धतशीरपणे मांडला, इटलीत नेरेओ रोक्को आणि एलेनिओ एरेरा यांनी तो पक्का केला, आणि तिथे त्याला कातेनाच्चो, म्हणजे दाराची कडी, हे नाव मिळाले. १९६४ आणि १९६५ मध्ये युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकणाऱ्या एरेराच्या इंटर मिलानचा कर्णधार आर्मांदो पिक्की हा या कामाचा आदर्श नमुना होय. तो मागे उभा राही, निसटलेला चेंडू गोळा करी, जवळच्या सहकाऱ्याला देई आणि पुन्हा आपल्या जागी येई. मध्यरेषा ओलांडण्याशी त्याला फारसे कर्तव्य नव्हते. गोंधळाचे मूळ असे की इटालियन लोक पिक्कीलाही लिबेरोच म्हणत. शब्द त्यांचा, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही, पण त्यामुळे एकाच नावाखाली दोन निराळी कामे जमा झाली.

जर्मन भाषेने मात्र हा भेद जपला, आणि म्हणून या प्रश्नात मी जर्मनांच्या बाजूचा आहे. मागे राहून केर काढणाऱ्याला ते ‘आउसपुत्सर’ म्हणत; आउसपुत्सर म्हणजे पुसूनझाडून साफ करणारा, इंग्रजी ‘स्वीपर’चा सख्खा भाऊ. १९६६ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीचा आउसपुत्सर होता विली शुल्झ. तोच विश्वचषक बेकेनबाउरला जगासमोर घेऊन आला, त्याने चार गोलही केले, पण तो खेळला मध्यरक्षक, म्हणजे मैदानाच्या मध्यावरचा खेळाडू, म्हणून. लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या अंतिम सामन्यात तो आणि इंग्लंडचा बॉबी चार्ल्टन एकमेकांना धरून बसले आणि दोघांचाही प्रभाव त्यामुळे ओसरला, हे सर्वश्रुत आहे. ‘१९६६ चा महान स्वीपर बेकेनबाउर’ असे वाक्य दिसले तर लिहिणाऱ्याने तो सामना पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

पुढचा भाग काळजीपूर्वक पाहण्याजोगा आहे. म्युनिकच्या गीझिंग भागात १९४५ साली जन्मलेला हा मुलगा १९६४ मध्ये बायर्न म्युनिक या क्लबच्या मुख्य संघातून पहिल्यांदा खेळला तो डाव्या बगलेवर. तिथून तो मध्यात आला, आणि साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात क्लबमध्ये हळूहळू बचावफळीच्या मागे गेला. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हेल्मुट शॉन यांनी मात्र त्याला १९७० च्या विश्वचषकापर्यंत मध्यातच ठेवले. त्या विश्वचषकात मेक्सिकोतल्या लेओनला इंग्लंडविरुद्ध ०-२ अशी पिछाडी असताना त्याने केलेला गोल मध्यरक्षकाचा गोल होता. राष्ट्रीय संघात तो मागे आला तो त्यानंतर. म्हणजे मागे जाण्यापूर्वी त्याने काही वर्षे मैदानाच्या मध्यावरून खेळ पाहिलेला होता, आणि मागे गेल्यावर त्याने ती नजर टाकून दिली नाही. इंटरचा डावा बचावपटू जाचिंतो फाकेत्ती बगलेवरून पुढे धावत जाई. हेच काम मधून का करू नये, हा विचार त्याला पाहूनच सुचला, असे बेकेनबाउर सांगत असे.

आता पुन्हा त्या कर्जाकडे वळू. बेकेनबाउरने चेंडू पायात घेतला आणि मान वर ठेवून सरळ पुढे चालू लागला, की प्रतिस्पर्ध्यांपुढे असा पेच पडे ज्याचे उत्तर त्यांच्या व्यवस्थेत नव्हतेच. प्रत्येकाला आपापला माणूस नेमून दिलेला होता. बेकेनबाउर कोणाचाच माणूस नव्हता. त्याला अडवायला एखादा मध्यरक्षक पुढे आला तर त्याचा स्वतःचा माणूस मोकळा सुटे. कोणीच आले नाही तर बेकेनबाउर उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू हव्या त्या ठिकाणी पोचवी, किंवा आक्रमक गेर्ड म्युलरशी भिंतीसारखी देवघेव करून स्वतःच गोलपाशी जाई. मागे जो एक जादा होता तो आता मध्यात जादा झाला. स्वीपर जे कर्ज आयुष्यभर बाळगतो, ते लिबेरो दर हल्ल्यागणिक फेडतो, आणि चेंडू गमावला की परत येऊन पुन्हा काढतो. या दोघांतला फरक हाच आहे. तो अंगभूत नजाकतीचा किंवा गोलांच्या संख्येचा फरक नाही. एखादा स्वीपर अतिशय देखणा खेळत असला तरी तो स्वीपरच राहतो, आणि एखादा लिबेरो धसमुसळा असला तरी तो लिबेरोच.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारायचे लोक विसरतात: तो पुढे गेल्यावर मागची जागा कोण सांभाळत असे? स्वीपर जागा सोडत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. लिबेरो मात्र एकट्याने होता येत नाही. त्यासाठी संघ तसा बांधावा लागतो. बायर्नमध्ये आणि राष्ट्रीय संघात ही जबाबदारी प्रामुख्याने गेओर्ग श्वार्झेनबेक या स्टॉपरवर होती. बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मन लीगचे, ४१६ सामने एकाच क्लबसाठी खेळलेल्या, फारसे न बोलणाऱ्या या माणसाला जर्मनीत ‘कैसरचा पुत्सर’ म्हणत. कैसर म्हणजे अर्थात बेकेनबाउर, आणि पुत्सर म्हणजे साफसफाई करणारा. बेकेनबाउरला स्वीपर म्हणणाऱ्यांनी या टोपणनावावर थोडा वेळ थांबावे: ज्या संघात झाडू स्टॉपरच्या हाती दिला गेला, त्या संघाच्या लिबेरोला झाडूवाला कसे म्हणायचे?

राष्ट्रीय संघात याला आणखी एक जोड मिळाली. २९ एप्रिल १९७२ रोजी वेम्बलीवर पश्चिम जर्मनीने इंग्लंडला ३-१ असे हरवले, तेव्हा मध्यरक्षक ग्युंटर नेट्झर आणि बेकेनबाउर आळीपाळीने पुढे जात होते. एक पुढे निघाला की दुसरा मागे थांबे, त्यामुळे कोणाच्या मागे कोणाला लावावे हे इंग्लंडला ठरवता येईना. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रसेल्सला सोव्हिएत संघाला ३-० असे नमवून त्यांनी युरोपीय अजिंक्यपद मिळवले आणि बेकेनबाउरला पहिला बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. दुसरा १९७६ मध्ये. १९७४ चा विश्वचषक अधिक मोठा मानला जातो, पण लिबेरो म्हणजे काय हे पाहायचे असेल तर माझे मत निःसंशय १९७२ च्या वेम्बलीला. १९७४ च्या अंतिम सामन्यात योहान क्रायफला धरण्याचे काम बेर्टी फोग्ट्सकडे होते आणि उत्तरार्धाचा बराच वेळ नेदरलँड्सच्या दडपणाखाली बेकेनबाउरला मागेच थांबून बचाव करावा लागला. म्हणजे गरज पडली की लिबेरो स्वीपर होऊ शकतो. उलट मात्र होत नाही, कारण पिक्कीला पुढे जा म्हणून सांगितले असते तरी त्याच्या मागची जागा भरण्याची व्यवस्था इंटरपाशी नव्हती.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पाठीवरचा क्रमांक पाहून काही कळत नाही. ‘स्वीपर कीपर’ हा गोल सोडून पुढे येणारा गोलरक्षक आहे, त्याला या चर्चेत आणू नये. पुढे लोथार माथेउस कारकिर्दीच्या उत्तरार्धात लिबेरो झाला, तर मथियास सामरने त्याच जागेवरून १९९६ चे युरोपीय अजिंक्यपद आणि बॅलन डी’ऑर मिळवला. हे दोघेही मध्यरक्षक होते आणि मागे आले, ही गोष्ट योगायोगाची नाही.

एक गोष्ट मात्र किरकोळ म्हणून सोडवत नाही, ती म्हणजे हल्लीचा ‘आधुनिक लिबेरो’ हा शब्दप्रयोग. एखाद्या सेंटर बॅकने चाळीस मीटरचा सुरेख पास दिला की समालोचक त्याला हे बिरूद बहाल करतात. मॅट्स हुमेल्स किंवा जेरोम बोआटेंग यांच्या पासांविषयी मला आदरच आहे, पण ते लिबेरो नव्हते आणि होऊही शकत नव्हते. इतर सारे आपापल्या माणसाला बांधलेले असतील तरच एकाला मोकळा म्हणता येते. आता बचाव जागेनुसार होतो, चौघे एका रेषेत उभे राहतात आणि ती रेषा एकदम पुढे सरकवून ऑफसाइडचा सापळा लावतात, म्हणजे आक्रमकाला आपल्या मागे, नियमबाह्य जागी उभे पाडतात. त्या रेषेच्या मागे एक जण उभा राहिला तर तो समोरच्या सगळ्या आक्रमकांना ऑनसाइड करून ठेवील. प्रशिक्षक अरिगो साकीच्या एसी मिलानने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली, आणि इतर देश चौघांच्या रेषेकडे वळल्यावरही जर्मनी मात्र या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत लिबेरोला धरून राहिली. प्रशिक्षक म्हणून खुद्द बेकेनबाउरने १९९० चा विश्वचषक जिंकला, तोही क्लाउस आउगेनथालरला लिबेरो ठेवूनच.

शेवटी श्वार्झेनबेकविषयी, कारण त्याच्या एका गोलाचा दाखला देऊन ‘स्टॉपरही लिबेरोसारखाच पुढे जाई’ असा युक्तिवाद कोणीतरी हमखास करतो. १५ मे १९७४ रोजी ब्रसेल्सला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात अॅटलेटिको माद्रिदने जादा वेळेत आघाडी घेतली होती, १२० वे मिनिट चालू होते आणि श्वार्झेनबेकने बऱ्याच अंतरावरून मारलेला फटका थेट जाळ्यात गेला. दोन दिवसांनी झालेला फेरसामना बायर्नने ४-० असा जिंकला. तो फटका व्यवस्थेतून आलेला नव्हता. दुसरे काही करायला वेळच उरलेला नव्हता म्हणून तो मारला गेला. बेकेनबाउर पुढे जाई तेव्हा मागे श्वार्झेनबेक असे. त्या क्षणी श्वार्झेनबेक पुढे होता तेव्हा त्याच्या मागची जागा सांभाळायची आहे, याचा विचार करण्याचीही बायर्नच्या कोणाला गरज उरली नव्हती.