हलक्या खलाशाचं शीड

"खात जा की गं जरा, वाऱ्यानं उडून जाशील एखाद्या दिवशी." आमच्या आईचं हे वाक्य माझ्या भाचीला सुट्टीत पैठणला आली की रोज ऐकावं लागतं. भाची दहावीत आहे, वजन ४५ किलो. गेल्या आषाढात आम्ही दोघी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर उभ्या होतो. पश्चिमेकडून असा वारा सुटला होता की ओढणी हातानं धरून ठेवावी लागत होती. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस होता. दूरवरून एक मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, दोन्ही हातांनी वल्ही मारत काठाकडे येत होता.

"एवढा वारा आहे तर हे शीड का लावत नाहीत?"

"लावलं तर तराफा उलटेल."

"का? माणूस हलका आहे म्हणून?"

तिनं विचारलं ते सहज, पण प्रश्न अगदी नेमका होता. एकट्यानं चालवायच्या शर्यतीच्या होड्यांचं, म्हणजे डिंगींचं, सगळं शास्त्र या प्रश्नाभोवती फिरतं. शीड किती मोठं असावं हे ते सांभाळणारा माणूस किती वजनाचा आहे यावर ठरतं.

आपल्याकडच्या कुणालाही हे बैलगाडीवरून लगेच कळेल. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. मग गाडीवान पुढे सरकून बसतो आणि गाडी पुन्हा समतोल होते. गाडीवानाचं वजन तेवढंच राहतं, बदलते ती फक्त बसायची जागा. वजन आणि आसापासूनचं अंतर यांचा गुणाकार इथे कामाला येतो.

होडीत हाच खेळ आडवा चालतो. शीड अंगावर येणारी हवा वळवतं आणि त्याबदल्यात हवा शिडाला ढकलते, थोडं पुढे आणि बरंचसं बाजूला. बाजूला घसरू नये म्हणून होडीच्या बुडातून पाण्यात एक उभी फळी सोडलेली असते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. वर हवा एका बाजूला रेटते, खाली पाणी फळीला उलट बाजूनं रेटतं. नळाची चावी दोन बोटांत धरून फिरवतो तशी होडी या दोन रेट्यांमध्ये कलंडू लागते. तिला सरळ ठेवायला चालवणाऱ्याच्या शरीराशिवाय काही नसतं. होडीच्या मध्यावरच्या पट्ट्यात पाय अडकवायचे, मांड्या काठावर टेकवायच्या आणि अख्खं धड पाण्यावर बाहेर झोकून द्यायचं. याला हायकिंग म्हणतात. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाची दोरी, आणि पोटाच्या अन् मांड्यांच्या स्नायूंना मिनिटामिनिटाला ताण.

१९६९ साली कॅनडाच्या इयन ब्रूस यांनी ब्रूस कर्बी यांना फोनवर विचारलं, गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी छोटी होडी आखून देशील का? कर्बींनी बोलता बोलताच कागदावर रेघा ओढल्या. त्यातून आलेली 'लेझर' १९७१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. लांबी सव्वाचार मीटरच्या आतबाहेर, सांगाड्याचं वजन ५९ किलो, शीड एकच, ७.०६ चौरस मीटरचं. दोन लाखांहून जास्त होड्या बनल्या. अडचण एवढीच की हे शीड जोरकस वाऱ्यात सांभाळायला ८० किलोंच्या आसपासचा माणूस लागतो.

थोडा ढोबळ हिशेब मांडते. हिशेब आवडत नसेल त्यानं पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मला स्वतःला खरी मजा इथेच वाटते.

शिडावर येणारा वारा ताशी २९ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ८ मीटरचा धरू. दर चौरस मीटरवर तो जवळजवळ ४ किलो वजनाएवढा रेटा देतो. ७.०६ चौरस मीटरवर झाले २८ किलो. हा रेटा डॅगरबोर्डच्या वर साधारण ३.२ मीटर उंचीवर लागतो, म्हणून कलंडवणारा गुणाकार ९० च्या घरात जातो. आता सरळ करणारा गुणाकार पाहू. पूर्ण बाहेर झुकलेल्या शरीराचं अंतर सव्वा मीटरच्या जरा आत, १.२ मीटर धरू. ८० किलोंचा माणूस ९६ देतो आणि निभावतो. ६० किलोंची मुलगी देते ७२. ती कितीही चपळ असली, वाऱ्याचा अंदाज कितीही पक्का असला, तरी १८ कमीच पडतात. मग तिला शिडाची दोरी ढिली करून वारा वाया घालवावा लागतो आणि शर्यत हातची जाते. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो.

यावर उपाय म्हणजे होडी तीच ठेवून शीड लहान करणं. पूर्वी 'लेझर रेडियल' म्हणत, आता 'आयएलसीए ६' म्हणतात, त्या प्रकारात शीड ५.७६ चौरस मीटरचं आहे. तेवढ्याच वाऱ्यात रेटा साडेबावीस किलो. शीड लहान म्हणून रेट्याची उंचीही खाली येते, ३ मीटरच्या आसपास. गुणाकार ६७. साठ किलोंच्या मुलीचे ७२ इथे पुरून उरतात.

पण शीड कापणं म्हणजे परकराचा घेर कमी करणं नव्हे. याआधी डोलकाठीचा वरचा भाग आखूड करून लहान शीड लावून पाहिलं होतं. ते फारसं रुजलं नाही, कारण खालची काठी ताठच राहिली. झोत आला की काठीनं थोडं लवायला हवं. ती मागे लवली की शिडाचा फुगवटा सपाट होतो, वरचं टोक उघडतं आणि जास्तीचा वारा निसटून जातो. वाऱ्यात ज्वारीचं ताट झुकतं आणि झोत गेला की पुन्हा उभं राहतं, तसंच. रेडियलमध्ये डोलकाठीचा खालचा भाग आखूड आणि जास्त लवचीक केला, वरचा भाग मूळचाच ठेवला. त्याहून हलक्या मुलामुलींसाठी ४.७ चौरस मीटरचं शीड आहे, 'आयएलसीए ४'. त्याची खालची काठी आणखी आखूड आणि मागे किंचित वाकवलेलीच असते. म्हणजे एकदा सांगाडा घेतला की मूल वाढेल तशी काठी आणि शीड बदलायचं. मला या रचनेतली ही गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

ऑलिंपिकमध्ये १९९२ ते २००४ बायकांच्या एकेरी शर्यतीला 'युरोप' नावाची आणखी छोटी होडी होती. २००८ च्या बीजिंगपासून तिची जागा रेडियलनं घेतली. चेन्नईची नेत्रा कुमानन याच प्रकारातून टोकियोला पोहोचली, शिडाच्या शर्यतीत ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला.

मला मात्र जास्त जवळची वाटते नेहा ठाकूर. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, भोपाळच्या मोठ्या तलावावर ती शिकली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत मुलींच्या आयएलसीए ४ मध्ये रौप्यपदक घेऊन आली. मराठवाड्यातल्या आईबापांनी हे नाव ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

वारा आपल्याकडे आहेच. बीड-धाराशिवच्या बालाघाट डोंगरांवर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत, आणि त्यांचं पातं शिडासारखंच हवा वळवून फिरतं. पाण्याचं तेवढं खात्रीनं सांगता येत नाही. दुष्काळी वर्षी जायकवाडीचा साठा मृतसाठ्याच्याही खाली जातो. शिवाय नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या मधून शर्यती व्हाव्यात असं मी कधीच म्हणणार नाही, शिडाला इंजिनाचा आवाज नसला तरीही. पण मराठवाड्यात जलाशय काही एकच नाही.

त्या दिवशी घरी येऊन आम्ही अंगणातल्या हौदात प्रयोग केला. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा, त्यात खराट्याची काडी, वहीच्या पुठ्ठ्याचं शीड, बुडाला खोचलेली प्लास्टिकची पट्टी. एका बाजूला आईस्क्रीमची काडी आडवी बाहेर काढली आणि तिच्यावर चिकणमातीनं दोन रुपयांचं नाणं चिकटवलं. हा आमचा खलाशी. टेबलफॅन एकवर होता. नाणं होडीलगत असताना शीड पाण्याकडे झुकलं, काडीच्या टोकाला सरकवल्यावर उभं राहिलं. भाचीनं पंखा तीनवर नेला आणि होडी आडवी झाली.

"पाच रुपयांचं लावू का?"

"खलाशी बदलायचा नाही."

ती बराच वेळ ओल्या पुठ्ठ्याकडे बघत बसली. मग आत जाऊन कात्री आणली, शिडाच्या कडेची बोटभर पट्टी कापली, काडीही खालून थोडी मोडली आणि होडी परत पाण्यात ठेवली. आई ओट्यावर तांदूळ निवडत बघत होती. पंखा तीनवरच होता. शीड झुकलं, थरथरलं, आणि नाण्याच्या जोरावर तसंच उभं राहून होडी हौदाच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली.

"आजी, बघ," भाची म्हणाली, "नाही उडाली."