कॅम सॉफ्टवेअर घ्यायचंय? आधी मशीनवरचा चालता प्रोग्रॅम आणा

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही एमआयडीसीतून फोन आला की प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, मोल्डच्या (साच्याच्या) कामाला कोणतं कॅम सॉफ्टवेअर चांगलं? आणि आकडा सांगा." आम्ही आकडा लगेच सांगत नाही, त्यामुळे काही जण नाराज होतात. आधी आम्ही तीन गोष्टी मागतो: तुमच्या व्हीएमसीच्या (कोडवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) कंट्रोलरचं नाव आणि मॉडेल, त्या मशीनवर बिनतक्रार चालणारा एक जुना प्रोग्रॅम, आणि तुमच्या नेहमीच्या मालाची स्टेप (थ्रीडी मॉडेलची) फाइल. त्या का मागतो, हे सगळ्यांना एकदाच नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

डेमो बघून सौदा, पोस्ट मागाहून

तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. डेमोत स्क्रीनवर कटर सुंदर फिरतो, सिम्युलेशनमध्ये कॅव्हिटी (साच्याचा पोकळ भाग) चकचकीत दिसते आणि ऑर्डर दिली जाते. सॉफ्टवेअर बसतं, पहिला प्रोग्रॅम मशीनवर जातो आणि अलार्म येतो. कॅम सॉफ्टवेअर फक्त कटरची वाट ठरवतं. ती वाट तुमच्या कंट्रोलरला कळेल अशा कोडमध्ये उतरवायचं काम पोस्टचं, म्हणजे पोस्ट-प्रोसेसरचं. फानुकच्या कंट्रोलरला टूलची लांबी जी४३ आणि एच क्रमांकाने लागते, सीमेन्सच्या कंट्रोलरला डी क्रमांकाने. ड्रिलिंगच्या सायकली दोघांच्या वेगळ्या. त्यामुळे नुसतं 'फानुकचा पोस्ट सोबत फुकट' एवढं ऐकून समाधान मानू नका. त्याच फानुकची दोन मशीनंसुद्धा टूल बदलायच्या आणि होमला जायच्या पद्धतीत वेगळी निघतात.

अलार्म आला तर नशीब समजा. एच क्रमांक टूलच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर बहुतेक वेळा अलार्म येतच नाही. मशीन दुसऱ्याच टूलची लांबी धरून खाली येतं. मग कटर मोडतो, कधी स्पिंडललाही मार बसतो, आणि इन्सर्ट (साच्यात बसवायचा तुकडा) पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.

म्हणून जुना प्रोग्रॅम मागतो. त्याच्या पहिल्या पंधरा-वीस आणि शेवटच्या दहा ओळी वाचल्या की मशीन काय खातं ते कळतं. पोस्ट जुळवायचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि ते योग्य आहे असं आमचं ठाम मत आहे. आमचा माणूस तुमच्या मशीनपाशी उभा राहतो, आधी हवेत चालवून बघतो, मग अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर, आणि त्यानंतरच तुमच्या पी-२० ला (साच्याच्या पोलादाला) हात लावतो.

जुनं मशीन असेल तर हे जरूर वाचा

आपल्याकडे बऱ्याच टूलरूममध्ये सेकंडहँड व्हीएमसी आहेत. त्यांची मेमरी थोडी, त्यामुळे फिनिशिंगचा मोठा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरून केबलने थेंबाथेंबाने पाठवावा लागतो. ९६०० बॉड वेगाला सेकंदाला साधारण ८७० अक्षरं जातात. एका ओळीत २४ अक्षरं धरली तर सेकंदाला ३६ ओळी. बिंदू ०.१ मिमीवर असतील तर कटर मिनिटाला जेमतेम २१५ मिमी चालणार, तुम्ही फीड (कटर सरकायचा वेग) १५०० का लिहिलेला असेना. मशीन अडखळत चालतं, त्या अडखळण्याच्या खुणा कॅव्हिटीवर उठतात आणि पॉलिशवाल्याचे दोन दिवस वाढतात. अशा वेळी लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. टॉलरन्स योग्य ठेवणं, सरळ बिंदूंच्या जागी शक्य तिथे आर्क काढणं आणि डेटा सर्व्हर किंवा मेमरी वाढवणं, यातून बराच फरक पडतो. महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी एवढं करून बघा.

मग सॉफ्टवेअरमध्ये काय बघायचं?

प्लास्टिकच्या छोट्या कारखान्याला बहुतेक कामांत तीन अॅक्सिस पुरतात. पाच अॅक्सिसचं मॉड्यूल कोणी गळ्यात मारत असेल तर आधी तुमच्याकडे तसं मशीन आहे का, ते बघा. प्लेटा, इजेक्टर पिनची भोकं, पाण्याच्या लाइनी ही कामं साध्या २.५डी मध्ये (एका वेळी एकाच खोलीवर कटर फिरवून) होतात. खरी परीक्षा कोअर-कॅव्हिटीत (साच्याच्या उंच आणि पोकळ भागांत) लागते.

ठिबकच्या ड्रीपरचा इन्सर्ट घ्या. आतल्या नागमोडी वाटेच्या खाचांत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा कटर उतरवायचा असतो. १० मिमीचा कटर कुठे पोचला नाही ते सॉफ्टवेअरने स्वतः ओळखून तेवढंच लहान कटरला द्यायला हवं. याला रेस्ट मशीनिंग म्हणतात. हे नीट नसेल तर लहान कटर हवा कापत फिरतो, किंवा अचानक जास्त माल लागून मोडतो. दुसरं, होल्डरची (कटर धरणाऱ्या भागाची) टक्कर तपासली जाते का ते विचारा. नुसता कटर दाखवणारं सिम्युलेशन खोल कोअरला फसवतं.

तिसरं, ठिणगीने (स्पार्कने) साचा कोरायच्या इलेक्ट्रोडचं. स्पार्क गॅपइतका इलेक्ट्रोड लहान काढायचा तर वजा स्टॉक द्यावा लागतो, म्हणजे मॉडेलच्या मापापेक्षा आत कापावं लागतं. बॉलनोजने (गोल टोकाच्या कटरने) ते जमतं, पण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वजा स्टॉक कटरच्या कोपऱ्याच्या रेडियसपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून सपाट एंडमिलला अडतं. डेमोवाल्याला तुमचाच इलेक्ट्रोड करून दाखवायला सांगा.

नावांबद्दल. डिझाइन सॉलिडवर्क्समध्ये होत असेल तर त्यातच चालणारं सॉलिडकॅम सोयीचं. पॉवरमिल, सिमाट्रॉन, हायपरमिल मोल्डच्या कामात मुरलेली आहेत. फ्यूजन वर्गणीवर मिळतं, सुरुवातीला हलकं पडतं. यातलं 'सगळ्यात चांगलं' म्हणून एक नाव आम्ही देत नाही. तुमचा ऑपरेटर कशावर शिकला आहे, याला आम्ही जास्त वजन देतो. आपल्याकडचा शिकलेला मुलगा चाकणला किंवा नाशिकला निघून गेला, की मागे राहिलेल्या सॉफ्टवेअरवर काम करणारा कोणी तरी हवाच. म्हणून दोघांना शिकवा. आम्हीही शिकवताना दोन माणसं बसवायला सांगतो, दुसऱ्याचे पैसे घेत नाही.

चोरीच्या कॉपीसाठी आम्ही पोस्ट करून देत नाही, कृपया विचारू नका.

फाइल पाठवताना एवढं बघा: एसटीएल नको, स्टेप द्या. एसटीएल म्हणजे नुसते त्रिकोण, गोल भोकाचा मध्य आणि व्यास त्यातून सरळ मिळत नाही. आणि श्रिंकेज (प्लास्टिक थंड होताना आकसतं त्याची वाढ) मॉडेलमध्ये आधीच दिलं आहे की नाही, हे फाइलच्या नावातच लिहा. पॉलिप्रोपिलीनच्या १२० मिमीच्या झाकणाला १.५ टक्के दोनदा लागले, तर झाकण १.८ मिमीने मोठं निघतं आणि डबीवर बसत नाही.

अजून मन ठरत नसेल तर एक मोल्ड आमच्याकडून प्रोग्रॅम करून घ्या. टूलपाथ आम्ही काढू, मशीन तुमचं, ऑपरेटर तुमचा, बाजूला बसून बघायला तुम्हीही या. नंतर सॉफ्टवेअर आमच्यामार्फत घेतलंत तर ती रक्कम त्यात वळती करतो. नाही घेतलंत तरी तुमच्या मशीनसाठी जुळवलेला पोस्ट तुमचाच. येताना पेनड्राइव्हवर जुना प्रोग्रॅम आणि कंट्रोलरच्या पाटीचा फोटो तेवढा आणा.