ब्लँश लझेल आणि ‘प्रॉव्हिन्सटाउन प्रिंट’ : पार्श्वभूमी

अमेरिकी मुद्राचित्रकार आणि कलाशिक्षिका ब्लँश लझेल (१८७८–१९५६) यांच्या कामाचा विषय निघाला की ‘प्रॉव्हिन्सटाउन प्रिंट’ (एकाच लाकडी ठशावरून छापलेलं, पांढऱ्या रेषांचं रंगीत चित्र) हे नाव येतं आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. वेस्ट व्हर्जिनियातलं बालपण, १९०५ मध्ये तिथल्या विद्यापीठाची कलेतली पदवी, मग न्यूयॉर्क आणि १९१२ मध्ये पॅरिस, एवढ्या वाटेनंतर १९१५ च्या उन्हाळ्यात त्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या प्रॉव्हिन्सटाउनला पोहोचल्या. महायुद्धामुळे युरोपातून परतलेल्या चित्रकारांनी हे मासेमारीचं गाव तेव्हा भरून गेलं होतं.

त्या मंडळींवर लाकडी ठशांनी चित्रं छापण्याच्या जपानी पद्धतीचा मोठा प्रभाव होता. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरायचा आणि सगळे ठसे केसाच्या अंतरानेही न चुकता कागदावर जुळवायचे. या खटाटोपाला कंटाळून मूळच्या स्वीडिश असलेल्या एका चित्रकाराने १९१५-१६ च्या सुमारास आकारांच्या मध्ये खाच पाडली आणि सगळे रंग एकाच ठशावर लावले. खाचेत रंग जात नाही, म्हणून तिथे कागद कोरा राहतो आणि पांढरी रेषा दिसते. लझेल हे तंत्र १९१६ मध्ये दुसऱ्या एका चित्रकाराकडून शिकल्या.

शोधाचं श्रेय म्हणून त्या स्वीडिश चित्रकाराला दिलं जातं आणि ते रास्तही आहे. ‘पांढरी रेषा’ ही संज्ञा मात्र अनेकांना फसवते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर जी पांढरी रेषा कोरली जाई, ती काळ्या शाईतून उजेड काढण्यासाठी. एका नॉर्वेजियन चित्रकाराने ठसा करवतीने तुकड्यांत कापला, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग दिला आणि तुकडे पुन्हा जोडून छापले. त्याच्या चित्रांतही सांध्यांवर पांढरी रेघ उरते. पण ती कापण्यातून आली. प्रॉव्हिन्सटाउनमध्ये खाच मुद्दाम कोरलेली असते आणि चित्राचं रेखांकन तिच्यावरच उभं असतं. शिवाय गावाच्या नावामुळे हे काम तिथेच झालं असा समज होतो. लझेल यांनी कितीतरी ठसे वेस्ट व्हर्जिनियात कोरले, मोनोंगाहेला नदीची दृश्यंही त्यांत आहेत.

तो स्वीडिश चित्रकार काही वर्षांतच गाव सोडून गेला. तंत्र टिकलं ते लझेल यांच्यासारख्यांनी चाळीस वर्षं कोरत आणि शिकवत राहिल्यामुळे. बंदरावरच्या एका जुन्या मासळीच्या कोठाराचा त्यांनी स्टुडिओ केला होता.

कृती अशी. पाइन किंवा बासवुड अशा मऊ लाकडाची सपाट, सुकी फळी घ्यायची. चित्र उलटं उतरवायचं. सुरी दोन्ही बाजूंनी तिरकी चालवून ‘व्ही’ आकाराची, साधारण एक ते दीड मिलिमीटर रुंदीची खाच काढायची. खाच फार अरुंद असेल तर लाकूड पाण्याने फुगून ती मिटते आणि रेषा तुटक येते. मग पातळ पण चिवट जपानी कागद फळीच्या एका कडेला टाचण्यांनी पक्का करायचा, वहीच्या पानासारखा उलटता येईल असा. एका वेळी एकच छोटा आकार जलरंगाने रंगवायचा, कागद खाली टाकायचा, चमच्याच्या पाठीने घासायचा, उचलून पाहायचं आणि पुढचा आकार घ्यायचा. प्रेस, म्हणजे छपाईचं यंत्र, लागत नाही.

बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. रंग पातळ असला तर खाचेत उतरतो आणि रेषा बुजते, घट्ट असला किंवा लाकडाने शोषून घेतला तर ठिपकेदार छाप येतो. मोठा आकार एका दमात रंगवला तर एक टोक छापेपर्यंत दुसरं वाळलेलं असतं. टाचणी सैल झाली की दुहेरी कडा उमटतात आणि तो कागद वाया जातो. गडद रंग हवा असेल तर त्याच जागी दोन-तीनदा छापावं लागतं. त्यामुळे एका प्रतीला कित्येक तास जातात.

म्हणूनच लझेल यांच्या एकाच ठशाच्या दोन प्रती सारख्या नसतात. दर वेळी रंग नव्याने ठरे, आणि एकदा कोरलेला ठसा लझेल अनेक वर्षांनंतरही पुन्हा छापत. संग्रहालयाच्या पाटीवर कोरल्याचं आणि छापल्याचं अशी दोन वर्षं दिसतात ती यामुळे. फक्त पहिलं वर्ष वाचून रंगसंगतीबद्दल निष्कर्ष काढणं चूक. १९२३ मध्ये त्या पुन्हा पॅरिसला जाऊन क्युबिस्ट (वस्तू भौमितिक आकारांत मोडून रंगवणाऱ्या) चित्रकारांकडे शिकल्या आणि त्यानंतर पूर्ण अमूर्त ठसे कोरू लागल्या. जुन्या ठशाची नंतरची प्रत या नव्या नजरेने रंगवलेली असू शकते.

१९३४ मध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी कला-योजनेत त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनच्या न्यायालयासाठी भित्तिचित्र केलं. मुद्राचित्रांकडे मोठ्या संस्थांचं लक्ष गेलं ते मात्र मृत्यूनंतर: १९८३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये या सगळ्या गटाचं प्रदर्शन झालं आणि २००२ मध्ये बोस्टनमध्ये खास त्यांच्या रंगीत वुडकटचं, म्हणजे लाकडी ठशांच्या चित्रांचं. प्रेस नसलेल्या शाळांत आणि घरच्या टेबलावर हे तंत्र आज शिकवलं जातं ते बरंचसं त्यांच्याच रीतीने, फळी, सुरी, जलरंग आणि चमचा घेऊन.