बिल्ला लाल, बावटाही लाल

१२ डिसेंबर जवळ आला की निफाड-चांदवडकडच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला परत दिसू लागतो. संघटनेचे संस्थापक शरद जोशी २०१५ साली याच तारखेला गेले. आम्ही डाव्या किसान सभेची माणसं, आमच्या खांद्यावर बावटाही लालच, पण या दोन लालांचं नाशिक जिल्ह्यात कधी जमलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी विरोधकच होतो, तेव्हा विरोधक म्हणूनच लिहितो.

भांडण समजायला जिल्ह्याचा नकाशा पुरे. पूर्वेला निफाड, लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सटाणा: कांदा, द्राक्ष, ऊस. पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबक: भात, नागली, वरई, आणि पिढ्यान् पिढ्या कसूनही नावावर नसलेली वनजमीन. जोशींची संघटना पहिल्या पट्ट्यात फोफावली, किसान सभा दुसऱ्यात. भाताची कापणी उरकली की पश्चिमेचा माणूस पूर्वेच्या द्राक्षबागेत मजुरीला उतरतो, हीही त्याच नकाशातली गोष्ट.

जोशी मूळचे शेतकरी नव्हेत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी होती. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली आणि आतबट्ट्याचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहून पाहिला. चाकणला कांद्याचं आंदोलन पेटलं खरं, पण राज्याला हादरा बसला तो १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यातून. माधवराव खंडेराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड अशी इथली माणसं बरोबर आली. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव, एवढंच मागणं. नोव्हेंबरात रस्ते अडले, रेल्वे अडली, खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकरी मेले. मुख्यमंत्री होते अंतुले.

आम्ही तेव्हा काय म्हणत होतो? बागायतदारांची चळवळ. एवढं म्हणून मोकळे झालो. हे निदान निम्मं चुकलं, असं आज मला वाटतं. लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगेत उभं राहून पाहा. व्यापारी येतो, मूठभर कांदा उचलतो, तळहातावर चोळून पापुद्रा बघतो, आकडा पुकारला जातो आणि दोन-चार मिनिटांत पुढच्या ट्रॉलीकडे. मागे उभा असलेला दीड एकरवाला आणि पंधरा एकरवाला, दोघांची चार महिन्यांची मेहनत तेवढ्यात निकाली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या रांगेत कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

पण घाम नेमका कुणाचा? ‘इंडिया विरुद्ध भारत’ म्हणताना जोशींनी गाव म्हणजे एकच घर धरलं. बांधावरचा मालक आणि सरीतला मजूर एका बाजूला, शहर दुसऱ्या बाजूला. भाव आला की मजुरी आपोआप वाढेल, हे त्यांचं उत्तर. आपोआप काही वाढत नाही. आंबेडकरी चळवळीतल्या दादासाहेब गायकवाडांनी याच जिल्ह्यातून उभं राहून १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. तो प्रश्न संघटनेच्या एककलमी कार्यक्रमात कुठे बसतच नव्हता.

बाजारावरचा त्यांचा विश्वास तर मला कधीच पटला नाही. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला शेतकरी नेते विरोध करत असताना हे बाजूने उभे. पुढे आयुष्यभर सरकारला शिव्या घालून २००४ मध्ये सेना-भाजपच्या पाठिंब्यावर राज्यसभेत. सरकार निर्यात अडवून शेतकऱ्याचा भाव पाडतं, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं ठरलं, आणि ठरवलं ते दिल्लीनेच: सप्टेंबर २०२० ची कांदा निर्यातबंदी, ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के शुल्क, डिसेंबरात पुन्हा बंदी. २०२० च्या कृषी कायद्यांना त्यांच्या अनुयायांनी त्यांचं नाव घेऊन पाठिंबा दिला. त्या कायद्यांविरोधात आमचा जथा त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरून दिल्लीकडे निघाला.

मला अडचणीत टाकतं ते चांदवड. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, लाखाच्या घरात बाया आल्या. पंचायतीच्या निवडणुकीत फक्त बायकांची पॅनेल उभी करू, असं तिथे ठरलं. सरकारी आरक्षण यायला अजून काही वर्षं होती. त्यानंतरचं लक्ष्मीमुक्ती: गावातल्या शंभर पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली की गावाचा सत्कार. आमच्या एकाही ठरावात तेव्हा इतकं थेट काही नव्हतं, हे कबूल करायला हवं. आणि हाच माणूस ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विरोधात मत देतो. बाजूने १८६, विरोधात एक. ते एक मत जोशींचं. राखीव मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून फिरवण्याला त्यांचा आक्षेप होता. आक्षेप बिनबुडाचा नव्हता, पण चांदवडला आलेल्या बाईला तो कसा समजावणार होते कोण जाणे.

मार्च २०१८ चा आमचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला निघाला, १८० किलोमीटर. पुढे सुरगाणा-पेठची माणसं, पायाला फोड आलेली. पहिली मागणी वनजमिनीची, आणि तिच्याबरोबर दीडपट हमीभाव. ‘भाव’ हा शब्द आमच्या तोंडी कुठून आला, ते आम्हाला ठाऊक आहे.

त्यातल्या काहींना पुढे वनपट्टे मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे त्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचंही नाव लागतं, सत्कार नाही नि मनधरणी नाही. निफाडच्या बागायती सातबाऱ्यांवर बायकांची नावं किती, हे बिल्लावाल्यांना विचारायचं राहून गेलंय.